भिशी नाही, वर्गणी

"म्हणजे वर्षभर ही आजारीच पडली नाही, तर ते पैसे परत मिळतात ना?"

काकूंनी हे विचारलं तेव्हा आम्ही नाशिकला, सातपूरच्या आमच्या गच्चीवर होतो. जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातलेल्या, कावळ्यांसाठी काठी घेऊन बसलेल्या काकू, आणि समोर त्यांची धाकटी लेक, मांडीवर वही. ती ऑगस्टात जर्मनीला निघाली आहे. नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण, पहिल्या महिन्यापासून पगार. कागदपत्रांच्या यादीत 'आरोग्य विमा' हे शब्द तीनदा आले, मायलेकींनी त्याचे तीन वेगळे अर्थ लावले, आणि मग मला बोलावणं आलं. मी नऊ वर्षं श्टुटगार्टजवळ राहते, सध्या दोन महिन्यांसाठी घरी आलेय. गल्लीच्या हिशोबी मी जर्मनीची अधिकृत माहितगार.

"नाही मिळत," मी म्हटलं.

"काय बोलू राहिली तू! मग गेले की फुकट."

मला काकूंना हसता येईना. पहिल्या पगाराची स्लिप हातात आली तेव्हा मी याहून वेगळं काही बोलले नव्हते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती स्लिप पसरून पेन्सिलीने मी एकेक कपात गोल करत होते. के. व्ही., आर. व्ही., ए. व्ही., पी. व्ही. अशी दोन-दोन अक्षरं आणि त्यांच्यासमोर आकडे. आरोग्य, पेन्शन, बेकारी, म्हातारपणची शुश्रूषा. आरोग्याचा आकडा मी बाराने गुणला आणि त्या वर्षी मला शिंकसुद्धा आली नव्हती हे आठवून जीव जळला. आपल्याकडच्या मेडिक्लेमला निदान नो क्लेम बोनस तरी असतो.

"भिशीत कसं, आज ना उद्या आपला नंबर लागतो," काकू म्हणाल्या. त्या तीन भिश्या चालवतात. गल्लीत त्यांच्याइतका चोख हिशोब कुणाचा नाही.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अण्णा पेपर वाचत बसले होते. माझे वडील बोलण्यात फारसे पडत नाहीत. पेपर खाली न करता म्हणाले, "भिशी नाही ती. वर्गणी आहे. आपल्या मंडळाला किराणावाला पाच हजार देतो, मी एकशे एक देतो. मोदक दोघांना एकच."

नऊ वर्षांत मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

मग मी वहीत आकडे मांडले. तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के. निम्मा मालकाने भरायचा, निम्मा आपण. त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा स्वतःचा थोडा जादा दर असतो, २०२५ साली त्याची सरासरी २.५ टक्के धरली होती, तोही अर्धा-अर्धा. म्हणजे महिना ४,००० युरो पगार असेल तर आपल्या खिशातून साधारण ३४२ युरो, २,००० असेल तर १७१. दोघांचं अपेंडिक्स फुटलं तर ऑपरेशन सारखंच. वय किती, साखर आहे का, वडलांना हार्टचा त्रास होता का, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे मेडिक्लेमचा फॉर्म भरताना जो उलटतपास होतो, त्यातला एकही प्रश्न नाही. वर्गणीला वरचा टप्पाही आहे: २०२५ मध्ये महिन्याच्या ५,५१२ युरो ५० सेंट पगारापर्यंतच टक्केवारी लागायची, पुढच्या पगारावर नाही. "म्हणजे मोठा शेठ तिथेही सुटतो," काकू म्हणाल्या. सुटतो खरा.

"आणि ज्याने वर्गणीच नाही दिली?"

तशी सोयच नाही. २००९ पासून तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला कुठला ना कुठला आरोग्य विमा असणं कायद्याने सक्तीचं आहे, परक्यालाही. विम्याच्या कागदाशिवाय व्हिसा नाही, कॉलेजात प्रवेश नाही. या मुलीचं त्यातल्या त्यात सोपं आहे. प्रशिक्षणाचा पगार सुरू झाला की ती आपोआप सरकारी विम्यात. तिने फक्त संस्था निवडायची, नाव मालक नोंदवतो. अशा संस्था शंभराच्या आत आहेत आणि बहुतेक सगळे उपचार कायद्यानेच ठरवलेले असल्यामुळे निवडताना डोकं फोडून घ्यायचं कारण नाही.

फसते ती तिची मैत्रीण. ती आधी भाषेच्या कोर्सला चालली आहे. भाषेचा कोर्स म्हणजे विद्यापीठातलं शिक्षण नव्हे, त्यामुळे विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी विमा तिला मिळत नाही. तिला खासगी पॉलिसी काढावी लागते. ती स्वस्त असते, आणि का स्वस्त आहे ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिशी ओलांडून एम.एस.ला जाणाऱ्यांचंही तेच: विद्यार्थ्याचा दर तिशीपर्यंतच. आणि महिना काही युरो वाचतात म्हणून कुणी शिक्षण सुरू होताना 'मला सरकारी नको' असं लिहून दिलं, तर ते शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. आयटीतले तरुण पुढे हीच चूक मोठ्या प्रमाणावर करतात. पगार एका रेषेच्या वर गेला (२०२५ साठी ती वर्षाला ७३,८०० युरो होती) की खासगी विम्यात जाता येतं. तिशीत तो स्वस्त पडतो. वय वाढतं तसा हप्ता वाढतो, आणि पंचावन्ननंतर सरकारी विम्यात परतायची वाट जवळपास बंदच. मुलीने 'लिहून द्यायचं नाही' याखाली दोन रेघा मारल्या.

एक गंमत मात्र तिला सांगितलीच. शुश्रूषेच्या विम्यात मूल नसलेल्यांना तेविसाव्या वर्षानंतर ०.६ टक्का जास्त भरावा लागतो. म्हटलं, इथे लग्नकार्यात 'पाळणा कधी?' म्हणून मावश्या विचारतात, तिथे दर महिन्याला पगाराची स्लिप विचारते.

पण हे सगळं कागदावरचं झालं. विमा मला कळला तो पहिल्या हिवाळ्यात. घसा बसला, अंगात कणकण, दोन दिवस काढा पिऊन झाला आणि तिसऱ्या दिवशी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता हात पुढे केला. मी पासपोर्ट काढला. त्यांनी मान हलवली. मग पत्त्याचा कागद काढला. "कार्ड," त्या म्हणाल्या. माझा फोटो असलेलं ते प्लास्टिकचं कार्ड त्यांनी एका डबीत सारलं, 'टिक' असा आवाज झाला, कार्ड परत माझ्या हातात. बस्स. केस पेपर नाही, डिपॉझिट नाही.

वेटिंग रूममध्ये येणारा प्रत्येक जण सगळ्या खोलीला मिळून 'गुटन मॉर्गन' म्हणत होता आणि खोली एकसुरात उत्तर देत होती. माझ्या एका बाजूला रंगाचे शिंतोडे पडलेली पँट घातलेला माणूस, दुसऱ्या बाजूला मोत्यांच्या कुड्या घातलेल्या आजीबाई. मी मनातल्या मनात दोघांचा पगार ताडत बसले. सवय. आत डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गरम चहा प्या, झोपा. इंजेक्शन नाही, अँटिबायोटिक नाही. नाशिककर माणसाला डॉक्टरांनी काही टोचलं नाही की उपचार झाल्यासारखं वाटत नाही. उलट त्यांनी आठवडाभर कामावर जायचं नाही असा दाखला दिला, आणि तो आठवडाभराचा पगार पूर्ण मिळाला. आजारपणाचे पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यापुढे विमा संस्था कपातीआधीच्या पगाराच्या ७० टक्के देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत.

बाहेर येऊन मी काउंटरपाशी पर्स उघडून उभी राहिले. बाईंना कळेना. "अजून काही?" मी म्हटलं, पैसे. त्या हसल्या आणि 'बऱ्या व्हा' म्हणाल्या. मी रस्त्यावर आले तेव्हा बिल न देता हॉटेलातून सटकल्यासारखं वाटत होतं. दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी हाक मारतंय का म्हणून.

पुढे लग्न झालं, नवरा आला, त्याला नोकरी लागायला वेळ होता. त्या काळात त्याचं नाव माझ्याच विम्यात लागलं, एक सेंटही जास्त न भरता. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं अशीच आत घेतात, शिकणारं मूल पंचविशीपर्यंत. तेव्हाच त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन दिवस हॉस्पिटलात. घरी आल्यावर पोस्टाने बिल आलं: ३० युरो. दिवसाला दहा, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. इकडून सासऱ्यांनी फोनवर विचारलं, किती खर्च आला? म्हटलं, तीन हजार रुपये. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कट झाला.

कौतुक इथवरच. तिथे त्वचेच्या डॉक्टरला फोन केला की पहिला प्रश्न येतो, सरकारी की खासगी? सरकारी म्हटलं की तारीख मिळते तीन महिन्यांनंतरची. खासगीवाल्याला पुढच्या आठवड्यातली मिळाल्याचं मी त्याच डॉक्टरांच्या बाबतीत पाहिलं आहे. मोदक एकच असला तरी रांगा दोन आहेत. चष्मा मोठ्या माणसांना बहुतेक स्वतःच्याच पैशाने. दातांचं तर विचारूच नका: नवीन दात बसवायचा तर विमा ठरावीक साध्या उपचाराच्या ६० टक्के देतो, आणि पाच वर्षं दरवर्षी नेमाने दात तपासून घेतल्याचे शिक्के असले तर ७०. मुलीला सांगितलं, निघायच्या आधी इथेच सगळे दात बघून घे.

मग काकूंनी तो प्रश्न विचारला. काठी बाजूला ठेवून, जरा आवाज उतरवून. "आणि आम्ही? नवरा चालतो, पोरं चालतात. आईबापाचं नाव लागतं का?"

नाही लागत. कुटुंब म्हणजे कोण, याची तिथल्या कायद्याची व्याख्या वर आईबापांपर्यंत जातच नाही. जर्मन म्हाताऱ्यांना स्वतःचा विमा असतो, म्हणून त्यांना त्यात खुपण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याला दिसतं. मला दिसलं ते आई-अण्णा तिकडे आले तेव्हा. युरोपच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, तो काढला होता. तिसऱ्या आठवड्यात आईचा गुडघा सुजून भोपळा झाला. त्याच डॉक्टरांकडे नेलं, त्याच काउंटरवर. या वेळी 'टिक' वाजलं नाही. बाईंनी आमचा पत्ता लिहून घेतला आणि दोन आठवड्यांनी पाकिटातून बिल आलं. प्रत्येक तपासणीची वेगळी ओळ, प्रत्येक ओळीला एक क्रमांक, आणि पुढे रकमेला २.३ ने गुणलेलं. खासगी रुग्णाच्या बिलात हा गुणाकार नेहमीचाच, हे नंतर कळलं. विमा कंपनीने ते परत पाठवलं: गुडघ्याचं दुखणं पूर्वीपासूनचं. आई म्हणाली, "पूर्वीपासूनची तर मी पण आहे."

अण्णा तेव्हा काही बोलले नव्हते. आज गच्चीवर बोलले. पेपरची घडी घातली आणि काकूंना म्हणाले, "माझ्या कार्डावर माझी आई होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन विम्यावरच झालं."

कार्ड म्हणजे ईएसआयचं, कामगारांच्या सरकारी विम्याचं. अण्णा सातपूरच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्यांच्या पगारातून ही कपात व्हायची आणि आमच्या घरात ती फुकट गेलेली समजली जायची. ते सायकलवर विम्याच्या दवाखान्यात जायचे, रांगेत उभे राहून स्वतःपुरत्या गोळ्या आणायचे. आम्हाला ताप आला की आई कॉलेज रोडच्या खासगी डॉक्टरांकडे न्यायची. 'विम्याच्या गोळ्या' हा आमच्या घरात जवळजवळ टोमणा होता. शाळेच्या फॉर्मवर मी वडलांचा हुद्दा 'सुपरवायझर' लिहायचे आणि ते कार्ड मैत्रिणींना दिसणार नाही असं कपाटात सारायचे.

त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. मी सातवीत असताना प्रेसमध्ये गेलं. ते घरी बसले तेवढे दिवस विम्याकडून पैसे येत होते हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे वैद्यकीय मंडळापुढे हात दाखवावा लागला. कायद्याच्या परिशिष्टात कोष्टक आहे: तर्जनीचं एक पेर, कमावण्याची ९ टक्के ताकद गेली. पूर्ण बोट, १४. त्या ९ टक्क्यांची किरकोळ रक्कम आजही दर महिन्याला त्यांच्या खात्यात येते. बँकेचा मेसेज आला की ते तो त्याच बोटाने उघडतात.

तिकडे राहून एकदा सहज हा इतिहास वाचत बसले होते. जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या आरोग्य विम्याचा कायदा केला १८८३ मध्ये, अपघाताचा पुढच्या वर्षी. तेव्हा वर्गणीचे दोन भाग कामगार भरायचा आणि एक मालक. आपल्याकडे १९४३ मध्ये इंग्रज सरकारने अशी योजना आखायचं काम सोपवलं प्रा. बी. पी. आडारकरांना. आडनाव वाचून थबकले. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला, त्यावरून १९४८ चा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आजचा आपला दर: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे फक्त ०.७५. आजारी पडलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. आणि कुटुंबात अवलंबून असलेले आईवडील धरलेले. स्लिपवरचा जो आकडा मी पेन्सिलीने गोल करत होते, त्याच कल्पनेचं कार्ड मी पंधरा वर्षं कपाटात लपवत होते.

फरक कुठे पडला याचा मी बराच विचार केला आहे. आपल्याकडे महिना २१,००० च्या वर पगार गेला की माणूस या योजनेतून बाहेर. म्हणजे पगारवाढ मिळाली की पहिलं काय होतं, तर विमा जातो. जो जरा वर सरकतो तो निघून जातो, मागे राहतात ते ज्यांच्या तक्रारीला कुणी विचारत नाही. तिकडे ती रेषा इतकी वर आहे की दहातले नऊ जण आतच आहेत, कुड्यावाल्या आजीबाईही. रांगेत त्याही उभ्या राहणार असतील, तर रांगेकडे कुणाला तरी बघावंच लागतं. काकूंनी यावर महात्मा फुले योजनेचा विषय काढला, तिथे आता सगळ्यांनाच पाच लाखांपर्यंत आहे म्हणून. आहे. पण ती हॉस्पिटलातल्या ठरावीक उपचारांसाठी. गुडघा सुजला, खोकला थांबेना, यासाठी नाही, आणि काम बुडालं तर पगारही देत नाही.

ऊन वर आलं. मुलीने वहीचे फोटो काढून मैत्रिणीला पाठवले. मला विचारलं, "ताई, तुझं कार्ड बघू?" पर्समधून काढून दिलं. मागच्या बाजूला युरोपच्या ताऱ्यांचं वर्तुळ, त्यावर इतर युरोपीय देशांतही उपचार मिळतात. नाशिकला आल्या आल्या मला ताप भरला होता तेव्हा ते कार्ड पर्समध्येच होतं, आणि मी गंगापूर रोडला रोख पैसे मोजत होते. "फोटो किती वाईट आलाय," ती म्हणाली.

"माझं दाखवू?" अण्णा उठले. खाली जाऊन प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तीत कार्ड, आजीच्या ऑपरेशनचा पिवळा पडलेला कागद, आणि रबर लावलेल्या पावत्या. निवृत्त झाल्यावरही हे चालू असतं हे मला माहीत नव्हतं. निदान पाच वर्षं विम्यात नोकरी केलेल्याला वयोमानाने निवृत्त झाल्यावर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार घेता येतात. अण्णा दरवर्षी भरतात. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या तिथूनच येतात म्हणे, मी आजवर त्या मेडिकलमधल्या समजत होते.

"या वर्षीचे भरायचेत," ते म्हणाले. "उद्या गाडी काढशील? सायकल पंक्चर आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले. खिडकीपाशी आठ-दहा माणसं होती. मी रांगेत उभी राहायला निघाले तर म्हणाले, "तू नको, सावलीत थांब." मग शंभराची आणि विसाची नोट हातात धरून ते उभे राहिले, पुढच्या माणसाशी बोलत. तोही कुठल्या तरी प्रेसवरचाच असावा, कारण दोघं एकमेकांना आपापली बोटं दाखवत होते.